मळ आणि खूण

आषाढात खाडीवरून येणारी दमट हवा नेरुळच्या आमच्या बंद कपाटातही शिरते आणि चामड्याच्या पट्ट्यापासून पुस्तकांच्या बांधणीपर्यंत सर्वांवर पांढुरकी बुरशी चढवून जाते; म्हणून पावसाने उघडीप दिलेल्या एखाद्या रविवारी सज्जात वर्तमानपत्र पसरून त्यावर तंबाखूचे सात-आठ जुने पाइप, दोन मातीच्या चिलमी आणि एका पितळी गुडगुडीचा बुडखा मांडून बसणे, हा माझा गेल्या कित्येक वर्षांचा नेम झाला आहे. मी स्वतः तंबाखू ओढीत नाही आणि ओढण्यासाठी हे पाइप स्वच्छही करीत नाही. मुंबईच्या मटन स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात गंजलेल्या कुलपांच्या आणि फुटक्या चष्म्यांच्या राशीत पडलेला, वाटीला काळ्या कोळशाचा थर आलेला, तोंडाकडची नळी शेवाळी पडलेली असा पाइप दिसला की तो घरी आणावा, त्याची नळी मोकळी करावी, त्यावरची अक्षरे वाचावीत आणि तो कोठून आला असेल याचा माग काढावा, एवढाच माझा व्यासंग आहे.

या व्यासंगात एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. धुराच्या या उपकरणांवर दोन प्रकारचे लेप चढतात. एक मळ असतो. तो काढलाच पाहिजे, कारण तो वस्तूला खाऊन टाकतो. दुसरी खूण असते. ती वापरणाऱ्याच्या हाताची, दाताची, देशाची आणि काळाची असते, आणि ती एकदा पुसली गेली की कोणत्याही दफ्तरातून पुन्हा मिळत नाही. पेशवे दफ्तराच्या रुमालांत जमाखर्च, सनदा आणि जकातीचे आकडे सापडतात. परंतु संध्याकाळी ओसरीवर बसून एखाद्या सामान्य माणसाने ओढलेल्या चिलमीची नोंद कोणता कारकून करणार? ती नोंद चिलमीतच राहते. म्हणून या उपकरणांचा इतिहास सांगताना ती कशी ओढली जात याच्याइतकेच ती कशी धुतली जात हेही सांगितले पाहिजे, असे मला वाटते.

या इतिहासाचा आरंभ तंबाखूच्या कितीतरी आधी होतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात धूमपानाचा विधी आहे. सुगंधी व औषधी द्रव्ये वाटून ती शराच्या काडीवर लेपावीत, अंगठ्याएवढी जाड आणि आठ अंगुळे लांब वर्ती करावी, ती सुकल्यावर आतली काडी काढून घ्यावी, वर्तीला तूप लावावे आणि ती धूमनेत्रात बसवून तिचा धूर घ्यावा, असे तेथे सांगितले आहे. धूमनेत्र म्हणजे धुराची नळी. तिची लांबी कार्यपरत्वे २४, ३२ किंवा ३६ अंगुळे असावी, ती सरळ असावी, तिला तीन ठिकाणी फुगवटे असावेत आणि तिच्या टोकाचे छिद्र बोराच्या बीएवढे असावे, इतक्या बारकाईने ग्रंथकाराने मोजमाप दिले आहे. त्याचे कारणही तो देतो: दुरून आलेला, नळीच्या पेरांत अडत अडत आलेला आणि त्यामुळे विरळ झालेला धूर इंद्रियांना बाधत नाही. ज्या पनवेलमध्ये कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली धूतपापेश्वरचा औषधी कारखाना काढला, ते गाव आमच्या घरापासून लोकलने काही स्थानकांवर आहे. त्या वाटेने जाताना मला नेहमी वाटते की, धूर थंड करावा, त्यातला दाह आणि मळ वाटेतच कोठेतरी अडवावा, हा जो प्रश्न पुढे चिलीम, हुक्का आणि पाइप करणाऱ्या सर्वांना पडला, तो प्रथम आमच्या वैद्यांनी इतक्या स्पष्ट शब्दांत मांडला होता.

तंबाखू मात्र समुद्रावरून आली. अमेरिकेतून पोर्तुगिजांनी ती आणली, गोव्याच्या बंदरातून ती दख्खनमध्ये पसरली, आणि तिच्या नावातच तिचा हा प्रवास आजही ऐकू येतो. १६०४ च्या सुमारास अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापूरहून परतला, तेव्हा त्याने ही नवलाची वस्तू बादशहापुढे मांडली, आणि तिच्याबरोबर जी नळी नेली तिचे वर्णन त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. नळी तीन हात लांब, सुमात्रा बेटावरील आचिनच्या कारागिरांनी घडविलेली, दोन्ही टोके जडावाची व मिन्याची; तोंडाशी यमनी अकीकाचा लंबगोल मुखखंड, आणि निखारा ठेवण्याचे पात्र सोन्याचे. बादशहाने दोन-चार झुरके घेतले. हकिमाने आक्षेप घेतला की ज्या द्रव्याविषयी आपल्या ग्रंथांत काही लिहिलेले नाही ते बादशहाने घेऊ नये. आणि दरबारात त्यावर मोठा वाद झाला. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखूच्या मनाईचे फर्मान काढले. तोपर्यंत ती दरबारातून उतरून शेताच्या बांधावर आणि बाजारपेठेत पोहोचली होती. फर्मान हरले आणि नळी जिंकली.

जो मुलूख आज नवी मुंबई म्हणून ओळखला जातो, तो तर या वाटेवरच वसलेला. पोर्तुगिजांचे राज्य वसईपर्यंत, ठाण्याच्या खाडीच्या काठाकाठाने पसरलेले. बेलापूरचा किल्ला काही काळ त्यांच्याकडे होता, १७३३ मध्ये तो मराठ्यांनी घेतला आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी. तंबाखूच्या विक्रीचा मक्ता देऊन महसूल मिळवण्याची रीत गोव्यात पोर्तुगिजांनी चालवली आणि पलीकडच्या मुंबई बेटावर इंग्रज कंपनीनेही उचलली. किल्ल्याचा आता एक उद्ध्वस्त बुरूज आणि झाडांच्या मुळांनी धरलेल्या काही भिंती एवढेच उरले आहे. तेथे फिरताना मला त्या बुरुजावरच्या शिपायाच्या हातातली चिलीम तरी डोळ्यांपुढे येतेच.

चिलीम हा शब्द फारसीतून आला, हुक्का अरबीतून. गुडगुडी हा मात्र पाण्याच्या आवाजावरून झालेला आपल्या घरचा शब्द. चिलीम हे सर्वांत गरीब, आणि माझ्या मते सर्वांत चतुर उपकरण. कुंभाराच्या हातची, भाजलेल्या मातीची, वर रुंद आणि खाली निमुळती होत गेलेली एक पोकळ नळी, एवढीच ती. पण तिच्या पोटात तळाशी एक खडा टाकलेला असतो, म्हणजे तंबाखू आणि निखारा तोंडाकडे घसरत नाही, आणि धूर मात्र खड्याच्या कडेने वाट काढतो. खालच्या तोंडाला ओल्या फडक्याची घडी धरायची, तिचे नाव छापी. छापीने धूर थंड होतो, ओठ भाजत नाहीत, आणि एकाच चिलमीला पाच जणांनी पाळीपाळीने झुरके मारले तरी मातीला कोणाचे तोंड लागत नाही. जातिभेदाने गांजलेल्या आपल्या समाजात एवढ्याशा चिंधीने केवढे काम केले असेल, याचा विचार समाजशास्त्राच्या एखाद्या अभ्यासकाने अवश्य करावा. चंची, चकमक, गारगोटी, कापूस, चिलीम आणि छापी हा कमरेला मावणारा संसार घेऊन आपला कुणबी, मिठागरातला आगरी आणि रात्रीच्या गाडीवाटेवरचा गाडीवान शेकडो कोस चालला आहे.

आणि चिलीम धुण्याची रीतही तिच्यासारखीच साधी. सुती फडक्याची लांब पट्टी फाडायची, तिला पीळ द्यायचा, ती नळीतून ओवायची, एक टोक दुसऱ्याच्या हाती किंवा आपल्याच पायाच्या अंगठ्यात धरायचे, आणि ताणलेल्या पट्टीवरून चिलीम पुढेमागे ओढायची. आतला चिकट काळा कीट पट्टीवर उतरतो. इंग्लंडातही जवळजवळ असेच घडत होते. तेथील पांढऱ्या मातीचे लांब दांडीचे पाइप काळे पडले की लोखंडी पिंजऱ्यात रचून भट्टीत तापवीत आणि मळ जाळून टाकीत. मातीला अग्नीचे भय नाही; तिचा जन्मच अग्नीत झालेला.

त्या पांढऱ्या पाइपांच्या तुटक्या दांड्यांनी पुरातत्त्वज्ञांना एक विलक्षण कालमापक दिला. १९५४ मध्ये हॅरिंग्टन या अमेरिकी संशोधकाने दाखवून दिले की, दांडी जसजशी लांब होत गेली तसतसे तिच्यातले छिद्र बारीक होत गेले: इंचाचे ६४ भाग कल्पिले, तर सतराव्या शतकाच्या आरंभी ते साधारण ९ भागांचे होते आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ४-५ भागांवर आले. राजाचे नाणे नाही, शिलालेख नाही, केवळ बोटभर लांबीचा तुकडा आणि त्यातले छिद्र, यांवरून वस्तीचा काळ ठरू लागला! आपल्याकडेही उत्खननात धुरकटलेली चिलीम मिळाली म्हणजे तो थर सामान्यतः तंबाखूच्या आगमनानंतरचा, असे मानण्यास आधार मिळतो. मात्र हे केव्हा, तर तिच्यातली काजळी कोणी घासून टाकली नसेल तेव्हा.

श्रीमंतांच्या बैठकीत चिलीम उंच चढली आणि हुक्क्याचा मुकुट झाली. खाली पाण्याचे भांडे, बिदरीचे, पितळेचे किंवा गरिबाकडे नुसत्या नारळाच्या करवंटीचे. त्यावर उभी नळी, तिच्या माथ्यावर चिलीम, तीत गूळ घालून मळलेला गुडाखू आणि वर निखारे. बाजूने वेटोळी घेत गेलेला, सूत आणि जर गुंडाळलेला नेचा. हे सारे सांभाळण्यास स्वतंत्र माणूस लागे, तो हुक्केबरदार. रोज पाणी बदलणे, नळीतून गज फिरवणे, नेचा वाळवणे हे त्याचे काम. आणि त्याचे महत्त्व एवढे की, १७७९ मध्ये वॉरन हेस्टिंग्ज दांपत्याने कलकत्त्यात पाठवलेल्या एका मेजवानीच्या निमंत्रणात पाहुण्यांनी हुक्केबरदाराखेरीज दुसरा चाकर आणू नये, अशी सूचना होती. कंपनीच्या साहेबांनी हुक्का सोडला, तशी एकोणिसाव्या शतकात त्या बरदाराची चाकरीही गेली. उपकरणे पुष्कळ उरली. ती निगुतीने राखणारे हात उरले नाहीत.

मग लाकडी पाइप आला. त्याचे लाकूड ब्रायरचे. भूमध्य समुद्राच्या काठी उगवणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी जी गाठ धरते, ती खणून काढून, तासन्‌तास उकळून, महिनोन्‌महिने वाळवून तिच्यातून पाइपची वाटी कोरतात. ते लाकूड कठीण असते, त्यात सिलिका असते आणि म्हणून निखारा पोटात घेऊनही ते सहसा जळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील सेंट क्लोद या डोंगरी गावी हा धंदा भरभराटला आणि तेथून जगभर गेला. १८९० मध्ये डब्लिनच्या चार्ल्स पीटरसनने दांडीच्या पोटात एक लहानशी विहीर ठेवली, तिच्यात धुरातला ओलावा साचून राहावा म्हणून. चरकाच्या नळीचे फुगवटे, चिलमीची छापी, हुक्क्याचे पाणी आणि पीटरसनची ही विहीर, यांना मी एकाच कुळातली मानतो. १९०७ मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर आल्फ्रेड डनहिलने दुकान थाटले. त्याच्या पाइपच्या काळ्या मुखनळीवर वरच्या बाजूस जो पांढरा ठिपका दिसतो, तो मुखनळी कोणत्या बाजूने बसवावी हे गिऱ्हाइकाला कळावे म्हणून लावलेला, आणि तोच पुढे त्या घराण्याची मुद्रा झाला.

साहेबी राहणीबरोबर हा पाइप मुंबईच्या कचेऱ्यांत, बॅरिस्टरांच्या दालनांत, रेल्वेच्या आणि गिरण्यांच्या अधिकाऱ्यांच्या टेबलांवर आला, आणि साहेब गेल्यावरही आपल्यातील काही डॉक्टर, प्राध्यापक आणि चित्रकार यांच्या ओठांत राहिला. मटन स्ट्रीटवर आज मिळतात ते बहुतेक त्यांचेच. दांडीवर चांदीचे कडे असेल तर शोध सोपा होतो, कारण इंग्लंडच्या चांदीवर पारख केल्याचे शिक्के असतात: नांगर असेल तर बर्मिंगहॅम, बिबट्याचे मुख असेल तर लंडन, आणि जवळच एक अक्षर असते त्यावरून नेमके साल. मोडीतला फिकट कागद उन्हाकडे धरून वाचणाऱ्याला जो आनंद होतो, तोच भिंगाखाली हे अक्षर लागले म्हणजे मला होतो.

आता प्रत्यक्ष सफाईविषयी. ब्रायरच्या वाटीत जळून जळून कोळशाचा थर धरतो. तो थोडा असावा, कारण तो लाकडाचे रक्षण करतो. पण नाण्याच्या जाडीहून अधिक झाला की तापल्यावर तो लाकडाहून निराळ्या गतीने फुगतो आणि वाटी तडकवतो. म्हणून बोथट पात्याने, घाई न करता, गोल फिरवत तो तेवढ्यापुरता उतरवावा. नंतर दांडीच्या तोंडात कापसाचा बोळा घालून वाटीत खडे मीठ भरावे आणि त्यावर औषधांच्या दुकानात मिळणारे स्पिरिट थेंबाथेंबाने सोडावे. रात्रभर ठेवले की सकाळी मीठ तपकिरी झालेले दिसते, लाकडात मुरलेला अर्क आणि जुन्या धुराचा आंबूस वास त्याने ओढून घेतलेला असतो. हे मीठ मी पिशवीतले बारीक कधीच वापरत नाही. पनवेल-उरणच्या बाजूच्या मिठागरांत पिढ्यान्‌पिढ्या आगरी माणसांनी पिकवले तसले जाडे मीठच या कामाला उत्तम. मग सुताने मढवलेल्या तारेच्या काड्या स्पिरिटात बुडवून नळीतून फिरवाव्यात. पहिली डांबरासारखी काळी निघते, दहावी चहाच्या रंगाची, आणि पंधरावी-विसावी पांढरी निघाली की थांबावे.

मुखनळीचे दुखणे वेगळे. ती बहुधा एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची. प्रकाश आणि दमट हवा लागली की तिच्यातले गंधक वर येते आणि काळी नळी हिरवट, पुढे मातकट होते. खाडीकाठच्या या शहरात ते काम फार लवकर होते. ओल्या पॉलिशपेपरने, जाड्याकडून बारकाकडे जात, तासभर घासले की मूळचा काळा चकाकणारा रंग परततो. येथेच मी माझ्या हातून झालेली एक हानी सांगून टाकतो. प्रारंभीच्या दिवसांत एका जुन्या पाइपची दांडी मी अशीच उत्साहाने घासली, ती आरशासारखी झाली, आणि नंतर ध्यानात आले की तिच्यावर पुसटपणे उमटलेले बनवणाऱ्याचे नाव व गाव मी आपल्याच हाताने कायमचे पुसून टाकले होते. तो पाइप आता सुंदर आहे आणि मुका आहे. मुखनळीवरच्या दातांच्या खळग्यांविषयीही मी तेव्हापासून सावध झालो. उष्णता देऊन ते भरून काढता येतात, पण ते कोणा एका माणसाच्या वीस वर्षांच्या संध्याकाळींचे ठसे आहेत, आणि ते भरून काढण्याचा अधिकार मला आहे असे मला वाटत नाही. मेरशॉमचे पाइप तर या बाबतीत गुरू म्हणावेत. तुर्कस्तानातील एस्किशेहिरजवळ खाणींत सापडणाऱ्या त्या शुभ्र, हलक्या खनिजाची वाटी वापराने हस्तिदंती, मधासारखी आणि शेवटी बदामी होत जाते, आणि जाणकार त्या रंगाचेच मोल करतात. तो रंग धुराचाच असतो, तरी त्याला मळ म्हणणारा अडाणी ठरतो.

हे सारे कशाने संपले, तर विडीने आणि सिगारेटने. सिन्नरच्या कारखान्यांत आणि घरोघरच्या ओट्यांवर बायकांनी वळलेली तेंदूच्या पानाची विडी, आणि तिच्यासाठी निपाणीच्या काळ्या रानात पिकलेली तंबाखू, यांचा इतिहास श्रमाचा आणि पुष्कळ अन्यायाचा आहे. १९८१ मध्ये निपाणीच्या शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठिय्या दिला आणि गोळीबारात त्यांतील काहींनी प्राण गमावले. तो विषय स्वतंत्र ग्रंथाचा आहे. येथे एवढेच नोंदवतो की विडी ओढून फेकून द्यायची असते. तिला धुवावे लागत नाही, ती वारशाने मिळत नाही, आणि म्हणून ती ओढणाऱ्याची कसलीही खूण मागे ठेवत नाही. शिर्डीच्या दीक्षितवाड्यात साईबाबांच्या चिलमी भाविक आजही पाहतात; विडीच्या थोटकाचे असे जतन झाल्याचे ऐकिवात नाही.

नवी मुंबईचा जन्मही अशाच एका मोठ्या सफाईतून झाला. १९७० साली सिडको स्थापन झाली, ९५ गावांची जमीन या नगरासाठी ठरली, १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला, आणि बेलापूर, दिवाळे, शहाबाज, घणसोली, तुर्भे या गावांभोवती सेक्टरांची चौकट आखली गेली. जुनी घरे पाडून इमारती उठल्या तेव्हा पितळेची भांडी मोडीत गेली, कंदील गेले, आणि माळ्यावरच्या चंच्या, चिलमी, नारळाच्या गुडगुड्या तर कचऱ्याबरोबरच गेल्या. दुसरीकडे, मुंबईच्या चाळी आणि पुण्याचे वाडे सोडून येथे सदनिकांत आलेल्या आमच्यासारख्यांनीही ट्रंका रिकाम्या केल्या. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती आणि असल्याच नित्याच्या वस्तू जन्मभर दारोदार हिंडून गोळा केल्या आणि त्या संग्रहाला आपल्या अकाली गेलेल्या मुलाचे नाव दिले; त्यांच्यासारखा एखादा माणूस त्या दहा-पंधरा वर्षांत या खाडीच्या काठी हिंडला असता, तर आगरी-कोळी घरांच्या धुराचा इतिहास आज आपल्याला वाचता आला असता.

याच नगरात, खारघरला, टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधनसंस्था आहे, आणि तिच्या दारातून आत-बाहेर जाणारी माणसे मी पाहिली आहेत. तंबाखूने या महाराष्ट्रात किती घरे उजाड केली हे तेथे कोणी समजावून सांगावे लागत नाही. २०१८ मध्ये राज्याने हुक्क्याच्या पार्लरांवर बंदी आणली, ती मला योग्य वाटते. माझ्या सज्जातल्या एकाही पाइपात पुन्हा निखारा पडू नये अशीच माझी इच्छा आहे. पण तलवारी जपणारे लोक युद्धाची भलामण करतात असे आपण म्हणत नाही. तसे या उपकरणांचेही आहे. ती चारशे वर्षांच्या एका सवयीची आणि तिच्याभोवती जमलेल्या कारागिरीची साक्ष आहेत, आणि साक्षीदाराचे तोंड बंद करून खटला निकालात निघत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी आजोबांचा पाइप, पणजोबांची गुडगुडी किंवा शेतघराच्या कोनाड्यातली चिलीम अजून असेल, त्यांना माझी एक विनंती आहे. ती फेकू नका आणि एकदम घासायलाही घेऊ नका. ती कोणाची, कोणत्या गावची, कोण कोणाबरोबर बसून ओढीत असे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहा, खाली तारीख घाला आणि तो कागद तिच्याबरोबर ठेवा. मीठ आणि स्पिरिट त्यानंतर हाती घ्यावे.